रोजा आणि कचेरीचे घड्याळ

सिंगापूरचे घड्याळ सूर्याच्या एक तासाहून अधिक पुढे चालते. भूगोलाच्या हिशोबाने या बेटाची वेळ ग्रीनिचच्या जेमतेम सात तास पुढे असावयास हवी. परंतु शेजारच्या मलेशियाने आपल्या दोन्ही विभागांसाठी एकच वेळ मुक्रर केली आणि व्यापारउदीम व दळणवळण यांच्या सोयीसाठी सिंगापुरानेही तिच्याशी मेळ घातला, तेव्हापासून, म्हणजे १ जानेवारी १९८२ पासून, येथील घड्याळे ग्रीनिचच्या आठ तास पुढे आहेत. परिणामी येथे मध्यान्ह एकच्या सुमारास होते, सूर्य सातच्या आसपास उगवतो व सातच्या आसपासच मावळतो, आणि विषुववृत्त दीड अंशाच्या आतच असल्यामुळे या क्रमात वर्षभरात साधारण अर्ध्या तासाचाच काय तो फरक पडतो. नोकरदार माणसाला एरवी या गोष्टीची जाणीवही नसते. रमजान सुरू झाला की मात्र तिला विलक्षण महत्त्व येते. कारण कचेरी सुटते सहा-साडेसहाला आणि रोजा सुटतो सव्वासातच्या सुमारास, आणि या मधल्या तासाभरात रोजेदार मनुष्य घरी पोहोचून आपल्या मुलाबाळांच्या पंगतीत बसणार, की चांगीहून निघालेल्या आगगाडीच्या गर्दीत दांड्याला धरून उभ्यानेच खिशातला खजूर चाचपणार, हे त्याच्या वरिष्ठाने पाच वाजता काय ठरविले यावर अवलंबून असते.

मुस्लिम सहकाऱ्यांना रमजानात कसे साहाय्य करावे असा प्रश्न हल्ली अनेक कचेऱ्यांतून आस्थेने विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा सद्भावनेच्या शब्दांत दिले जाते. सद्भावना हवीच, परंतु भूक आणि तहान यांचा भार रोजेदाराने स्वेच्छेने, किंबहुना आनंदाने, पत्करलेला असतो, आणि त्याबद्दल कोणी हळहळावे अशी त्याची अपेक्षा नसते. त्याच्या हातात नसलेली वस्तू एकच, ती म्हणजे वेळ. तिच्यावर अंमल कचेरीचा असतो. म्हणून कचेरीला खरोखर काही देता येण्यासारखे असेल तर ते तेथेच आहे, असे माझे मत आहे, आणि ईस्ट कोस्टच्या परिसरातील कामकाज पाहता ते दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे.

मरीन परेड, जू चियाट, सिग्लाप, बेडोक असा चांगीच्या विमानतळापर्यंत पसरलेला हा मुलूख मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचा आहे. समुद्राकाठचे विस्तीर्ण उद्यान १९६६ नंतर भर घालून काढलेल्या जमिनीवर उभे आहे. त्याच्या आतल्या बाजूस मात्र जुनी वस्ती आहे आणि तिचा मोठा भाग मलायी लोकांचा. १९२४ साली विधिमंडळावर गेलेले पहिले मलायी सभासद युनुस अब्दुल्ला यांनी सरकारदरबारी खटपट करून याच बाजूस मलायी वसाहतीसाठी जमीन मिळविली, आणि त्यांचे नाव आज येथल्या एका स्थानकाला आहे. गेलांग सराई हे या वस्तीचे हृदय. रमजानात तेथे जो बाजार भरतो, त्यातील दिव्यांची आरास आणि खाद्यपदार्थांची रेलचेल पाहण्यास सर्व धर्मांचे लोक लोटतात. जू चियाट रस्त्यावरची खालिद मशीद, मरीन परेड रस्त्यावरची कांपोंग सिग्लाप मशीद आणि बेडोकची अल्-अन्सार मशीद ही या भागातली प्रमुख प्रार्थनास्थळे होत. २०२०च्या खानेसुमारीप्रमाणे पंधरा वर्षांवरील रहिवाशांत मुसलमानांचे प्रमाण सुमारे साडेपंधरा टक्के भरते. चांगी बिझनेस पार्कमधील बँका आणि संगणक कंपन्या यांत त्यांच्या जोडीला रत्नागिरीचा, सोलापूरचा, भायखळ्याचा मुसलमान तरुणही भेटतो, आणि त्याच्या शेजारच्या मेजावर पुण्याचा किंवा ठाण्याचा हिंदू तरुण बसलेला असतो. हा लेख मुख्यतः त्या शेजाऱ्यासाठी आहे.

रोजेदाराचा दिवस कसा जातो हे त्या शेजाऱ्याने एकदा नीट समजून घ्यावे. फेब्रुवारी-मार्चात येथे पहाटेच्या नमाजाची वेळ सहाच्या आसपास असते; तत्पूर्वी सहरी, म्हणजे पहाटेचे जेवण, उरकावयाची तर साडेचार-पाचला उठणे आले, आणि घरच्या गृहिणीला तर त्याहूनही आधी. तेथून सूर्यास्तापर्यंत सुमारे सव्वातेरा तास अन्न नाही, पाणी नाही, धूम्रपान नाही. आपल्याकडच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि चहा चालतो म्हणून ‘‘अहो, पाणीसुद्धा नाही का?’’ हा प्रश्न मराठी माणसाच्या तोंडून हमखास निघतो. परंतु निर्जळी एकादशी करणारी आजी ज्याने पाहिली आहे, त्याला हे व्रत परके वाटण्याचे कारण नाही. सायंकाळी रोजा सोडल्यावर मगरीबची नमाज, साडेआठच्या सुमारास ईशाची, आणि तिच्या पाठोपाठ केवळ रमजानात पढली जाणारी तरावीहची दीर्घ नमाज. मशिदीतून घरी येऊन अंग टेकावयास अकरा वाजतात. पुन्हा साडेचारला उठावयाचे.

हा हिशोब मांडला की रोजेदाराला सर्वांत अधिक जाचते ते निद्रेचे दारिद्र्य, हे उमगते. पोटाला भुकेची सवय चार दिवसांत होते. पहिले दोन-तीन दिवस डोके दुखते तेही पुष्कळदा चहा-कॉफीच्या तुटलेल्या सवयीमुळे. झोपेची तूट मात्र महिनाभर साचत जाते. शेवटच्या दहा रात्रींत ती शिगेला पोहोचते. कारण कुराणाचे अवतरण ज्या रात्री झाले अशी श्रद्धा आहे ती लैलतुल्-कद्र या दहांतील विषम रात्रींत शोधावयाची असते आणि भाविक लोक मध्यरात्रीनंतरही मशिदीत जागरण करतात. म्हणून ज्या वरिष्ठाला आपल्या माणसाकडून उत्तम काम करून घ्यावयाचे आहे, त्याने अवघड काम, वाटाघाटी, बारकाईची तपासणी ही सकाळच्या प्रहरी ठेवावी, कारण सहरी करून आलेला मनुष्य दिवसाच्या इतर कोणत्याही वेळेपेक्षा दहा वाजता अधिक ताजा असतो. दुपारी तीननंतर हलके, एकट्याने उरकण्याजोगे काम द्यावे. आणि सायंकाळी साडेपाचनंतर बैठक मुळीच बोलावू नये. भोजनाच्या सुट्टीत तो जेवत नाही, तेव्हा ती सुट्टी दिवसाच्या शेवटाला जोडून त्याला तेवढे लवकर निघू द्यावे. अशा तजविजीने कचेरीचे एक मिनिटही बुडत नाही. तरीही ती सुचावयास वर्षानुवर्षे जातात, याचे मला दुःख होते.

येथे कोणी विचारील, कायदा काय म्हणतो? संयुक्त अरब अमिरातीत रमजानात कामाचे तास दररोज दोनने कमी करण्याचा दंडकच आहे, आणि तो धर्माचा भेद न करता सर्व नोकरांना लागू होतो. सिंगापुरात तसे काही नाही. येथील राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्मपालनाचे स्वातंत्र्य दिले आहे. १९६६च्या मुस्लिम विधी प्रशासन अधिनियमान्वये १९६८ साली स्थापन झालेली मुईस ही परिषद रमजानचा आरंभ, नमाजाच्या वेळा, हलालची प्रमाणपत्रे यांचा कारभार पाहते. ईदची आणि बकरी ईदची, म्हणजे हरि राया पुआसा व हरि राया हाजी यांची, सार्वजनिक सुट्टी असते. कचेरीच्या वेळापत्रकाचा प्रश्न मात्र मालक आणि नोकर यांच्यावर सोडला आहे. तथापि अलीकडे दोन गोष्टी घडल्या आहेत आणि त्या प्रत्येक मराठी नोकरदाराने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. १ डिसेंबर २०२४ पासून अमलात आलेल्या त्रिपक्षीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उमेदवारीचा काळ पूर्ण केलेल्या कोणाही नोकराला कामाच्या वेळेत किंवा स्थळात बदल मागणारा रीतसर अर्ज करता येतो. मालकाने दोन महिन्यांच्या आत लेखी उत्तर द्यावयाचे असते, आणि नकार दिल्यास त्याला कामकाजाशी संबंधित वाजवी सबब सांगावी लागते. अर्थात अर्ज मंजूर होईलच असे नाही. पण रमजानच्या दोन महिने आधी तो केला तर निदान त्याचा विचार करण्याचे बंधन तरी येते. दुसरी गोष्ट म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला कार्यस्थळ न्याय्यता अधिनियम. तो अमलात आला की नेमणूक, गुणांकन, बढती, बडतर्फी यांत धर्मावरून भेद करण्यास मनाई राहील. पंचवीसपेक्षा कमी नोकर असलेल्या आस्थापनांना तूर्त त्यातून वगळले आहे. सायंकाळच्या बैठकीतून उठून गेलेल्या रोजेदाराच्या वार्षिक गुणांकनात ‘कामात रस कमी’ असा शेरा मारण्यापूर्वी मग वरिष्ठाला विचार करावा लागेल, ही सामान्य गोष्ट नव्हे.

राज्यसंस्था या बाबतीत इतकी दक्ष का, याचे उत्तर गेलांगच्याच रस्त्यावर आहे. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबरजयंतीची मिरवणूक पाडांगच्या मैदानावरून गेलांगकडे निघाली असता मलायी आणि चिनी जमावांत दंगल पेटली आणि त्या पर्वात तेवीस माणसे मृत्युमुखी पडली. पुढे सप्टेंबरात पुन्हा तेरा. शाळांतून २१ जुलै हा दिवस आज सलोख्याचा दिवस म्हणून पाळला जातो. पण शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाचा दिवस कचेरीत जातो, आणि परस्परांच्या चालीरीतींची ओळख होण्याचे ठिकाण प्रौढपणी तेच उरते.

पगाराची पावती हे या ओळखीचे एक साधन आहे, पण तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. येथे काम करणाऱ्या भारतीय वंशाच्या रहिवाशाच्या पगारातून दरमहा एक लहानशी रक्कम सिंडा या भारतीय विकास संस्थेसाठी कापली जाते; ती मराठी वाचकाच्या पावतीवर असेलच. शेजारच्या मुसलमान सहकाऱ्याच्या पावतीवर आणखी एक ओळ असते, ती मशीद उभारणी व मेंदाकी (मलायी-मुस्लिम विकास संस्था) निधीची. १९७५ साली हा निधी सुरू झाला, आणि मुस्लिम नोकरदारांच्या पगारातून दरमहा जमणाऱ्या त्या चिल्लर रकमांतून नव्या वसाहतींमध्ये एकामागून एक मशिदी उभ्या राहिल्या. बेडोकची अल्-अन्सार त्यांतलीच. ज्या मशिदीत आपला सहकारी रात्री तरावीहसाठी उभा राहतो, ती त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या पगारातून, याच कचेऱ्यांच्या वेतन विभागांमार्फत बांधली गेली आहे, हे कळले म्हणजे धर्म ही कचेरीच्या बाहेरची खाजगी बाब आहे असे म्हणणाऱ्यालाही थोडे थांबावे लागते.

चांगीचा विमानतळ आणि सिमेईचे रुग्णालय येथे दिवसाचे चोवीस तास काम चालते, आणि रमजानची खरी परीक्षा तेथे होते. मेजाशी बसून काम करणाऱ्याला घड्याळ थोडे सरकविता येते. सामानाच्या पट्ट्यापाशी किंवा अतिदक्षता विभागात उभ्या असलेल्या माणसाला ते शक्य नसते. सव्वासातला विमान उतरणार असेल तर ते उतरणारच. अशा ठिकाणी सारी मदार पाळ्यांच्या तक्त्यावर. दुपारी दोन ते रात्री दहाच्या पाळीतील रोजेदाराला सूर्यास्ताच्या वेळी पंधरा मिनिटांची मोकळीक नावानिशी तक्त्यात लिहिलेली असावी, आणि तेवढ्या अवधीत त्याचे काम कोण सांभाळील त्याचेही नाव शेजारी असावे. कारण ‘‘जा की, कोण अडवतंय?’’ असे तोंडी सांगितले की प्रामाणिक मनुष्य रुग्णाला सोडून जात नाही आणि आठ वाजेपर्यंत कोरड्या तोंडाने उभा राहतो. एका रुग्णालयातील प्रमुख परिचारिकेने महिन्याच्या तक्त्यात मगरीबच्या वेळेचा वेगळा रकानाच आखलेला मी पाहिला. तारखेगणिक बदलणारी वेळ, जाणाऱ्याचे नाव, थांबणाऱ्याचे नाव, इतकाच मजकूर. थांबणाऱ्यांच्या रकान्यात चिनी, तमिळ, फिलिपिनो अशी सर्व नावे होती. शासकीय रुग्णालयांतील मुस्लिम परिचारिकांना गणवेशासोबत डोक्यावर तुडुंग घेण्याची मुभाही नोव्हेंबर २०२१ पासून मिळाली आहे. त्याआधी ती नव्हती, हे आज नवीन आलेल्यांना सांगावे लागते.

सर्वांत कठीण अवस्था उघड्यावर काम करणाऱ्यांची. विमानतळाच्या पूर्वेस पाचव्या टर्मिनलचे काम चालू आहे, आणि सिंगापुरातील अशा बांधकामांवर बांगलादेशातून आलेले मुसलमान मजूर मोठ्या संख्येने राबतात. मनुष्यबळ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये उष्म्यासंबंधीचे नियम कडक केले. त्यानुसार आर्द्रता व ऊन जमेस धरून मोजलेले तापमान ३२ अंशांवर गेले की कष्टाच्या कामात दर तासाला किमान दहा मिनिटे सावलीत विश्रांती द्यावी लागते, आणि मजुरांना तासातासाला पाणी पिण्याची व्यवस्था हवी. रोजेदार मजूर ते पाणी पीत नाही. तेव्हा त्याला निदान विश्रांती तरी अधिक हवी, अवजड काम सकाळी नऊच्या आत उरकावे, उंचीवरचे काम दुपारनंतर देऊ नये, आणि चक्कर येऊ लागल्यास रोजा मोडण्यास त्याच्या धर्माचीच अनुज्ञा आहे हे त्याच्या भाषेत सांगणारा कोणी मुकादम जवळ असावा. वातानुकूलित कचेरीतील सौजन्याच्या चर्चेत या माणसाचा विसर पडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोणाकोणाला रोजा माफ आहे हेही ठाऊक असलेले बरे. आजारी, प्रवासी, वृद्ध, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना सवलत आहे. मासिक धर्माच्या दिवसांत स्त्रीने रोजा ठेवावयाचा नसतो, आणि ते दिवस ती पुढे भरून काढते. म्हणून एखादी मुस्लिम सहकारी भगिनी रमजानात पाणी पिताना दिसली तर ‘‘आज रोजा नाही वाटतं?’’ असे विचारणे हे कुतूहल राहत नाही, तो तिच्या शरीराविषयीचा चौकशीनामा ठरतो. मधुमेही गृहस्थालाही आपले दुखणे चारचौघांत सांगण्यास भाग पाडू नये. दुसऱ्या बाजूने, रोजेदारासमोर आपण डबा खाल्ला तर त्याचा अपमान होतो असेही कोणी समजू नये. बहुतेकांना त्याचे काहीच वाटत नाही. उलट आपल्यामुळे सारी खोली चोरून चहा पिते आहे याचाच त्यांना संकोच होतो.

२०२६ साली एक निराळाच प्रसंग आला. चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला होते आणि त्याच आठवड्यात रमजान लागला. नववर्षाच्या पंधरवड्यात येथील प्रत्येक कचेरीत लो हेईचे भोजन होते. मेजाभोवती सर्वांनी उभे राहून, भाज्या व माशाच्या चकत्यांचे ताट चॉपस्टिकांनी उंच उधळावयाचे आणि भरभराटीच्या घोषणा करावयाच्या. हे भोजन बहुधा दुपारी. त्या वर्षी ज्यांनी थोडा विचार केला त्यांनी ते रमजानच्या आधी उरकले, किंवा सूर्यास्तानंतर हलाल प्रमाणित उपाहारगृहात ठेवले. आणि ज्यांनी दुपारचाच बेत कायम केला त्यांच्यापैकीही काहींनी रोजेदारांना ताट उधळण्यास आवर्जून बोलाविले, कारण उधळण्याने रोजा मोडत नाही.

इफ्तारची मेजवानी देणाऱ्या कचेऱ्यांची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु तेथेही घड्याळ विसरता कामा नये. एका कचेरीत रोजेदार मंडळी खजूर हाती धरून बसलेली आणि ध्वनिक्षेपकावर प्रमुखांचे ऐक्यावरचे भाषण चाललेले, मगरीबची वेळ टळून पाच मिनिटे झाली तरी चाललेले, असे दृश्य मी पाहिले आहे. सूर्यास्त होताच रोजा सोडण्यात विलंब करू नये अशी धर्माची आज्ञा आहे. भाषण आधी आटपावे किंवा जेवणानंतर करावे. खजूर आणि पाणी आधी, मग नमाजासाठी दहा-पंधरा मिनिटे, आणि त्यानंतर जेवण, हा क्रम ठेवला की पाहुण्यांची ओढाताण होत नाही. आमच्या मराठी मंडळींची एक समजूत येथे दुरुस्त करणे आवश्यक आहे. शाकाहारी जेवण मागविले म्हणजे काम भागले असे आपण धरून चालतो. परंतु रश्श्यात मद्य असू शकते, भांडी डुकराच्या मांसाला लागलेली असू शकतात, म्हणून मुईसचे प्रमाणपत्र पाहूनच जेवण मागवावे. नमाजासाठी स्वच्छ, शांत अशी लहानशी खोली पुरते. मक्केची दिशा येथून पश्चिमेच्या किंचित उत्तरेस येते. तिची खूण भिंतीवर एकदा करून ठेवावी. जवळपास वजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हात, तोंड व पाय धुण्यासाठी, पाण्याचा नळ असावा. शुक्रवारी जुम्म्याची नमाज एकनंतर सुरू होते, तेव्हा त्या दिवशीची भोजनाची सुट्टी दोन तासांची ठेवणाऱ्या कचेऱ्या येथे आहेत आणि त्यांचे कामकाज सुरळीत चालते.

मराठी माणसाला या साऱ्याचे मर्म कळावयास अवघड जाऊ नये, कारण सिंगापुरात दीपावलीची सुट्टी असते, गणेश चतुर्थीची नसते. मूर्ती आणावयाची, प्राणप्रतिष्ठा करावयाची, मोदक करावयाचे, आणि दुपारी एकला दूरध्वनीवरच्या बैठकीत हजेरी लावावयाची, ही कसरत येथील प्रत्येक मराठी घराने केलेली आहे. त्या दिवशी रजेचा अर्ज न मागता ‘‘तू जा, मी पाहतो’’ म्हणणारा सहकारी मिळाला तर त्याची आठवण माणूस कैक वर्षे ठेवतो. विमानतळावर आणि रुग्णालयांत ही देवाणघेवाण फार जुनी आहे: दीपावलीला मलायी थांबतो, हरि रायाला तमिळ थांबतो, नववर्षाला दोघेही थांबतात. मराठी मंडळींनी या क्रमात आपले नाव स्वतः होऊन घालावे. ईदची सुट्टी एकच दिवस असते, आणि जोहोरला किंवा मलाक्काला आईवडिलांकडे जाणाऱ्याला ती पुरत नाही. त्याला लागणारा पुढचा एक दिवस आपण उचलण्याजोगा आहे.

आता पुढच्या वर्षांचा विचार. हिजरी वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांचे असते. आपल्या पंचांगातल्यासारखा अधिक मास त्यात घालीत नाहीत, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. नेमकी पहिली तारीख मुईस आदल्या संध्याकाळी जाहीर करते, पण एका दिवसाच्या फरकाने ती वर्षभर आधी कळलेली असते, आणि म्हणून ‘आयत्या वेळी कळले’ ही सबब टिकण्यासारखी नाही. २०२७ आणि २०२८ या दोन्ही वर्षी रमजान पुन्हा चिनी नववर्षाच्या सोबतीनेच येईल, म्हणजे लो हेईचा प्रश्न आणखी दोन वर्षे सोडवावा लागणार. त्यानंतर तो जानेवारीत आणखी मागे सरकेल. २०३० साली तर वर्षाच्या आरंभी एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा, असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षात येतील. आणि डिसेंबर म्हणजे हिशोब बंद करण्याचा, वार्षिक गुणांकनाचा, निम्मी कचेरी नाताळच्या रजेवर असण्याचा महिना. उरलेली निम्मी कचेरी त्या वेळी रात्री आठपर्यंत कोणाच्या बळावर चालवावयाची, हे ज्यांच्या हाती रजेचे तक्ते आहेत त्यांनी आदल्या जून-जुलैतच रोजेदार सहकाऱ्यांना जवळ बसवून ठरवावे, आणि नाताळच्या रजा मंजूर होण्याच्या आधी ठरवावे.